देवाच्या कुटुंबात भिंत कशाला?

'प्रभूच्या घरात सगळी लेकरं सारखी' असं चर्च सांगतं. मग तिरुचिरापल्लीच्या कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या कबरी वेगळ्या ठेवायला भिंत का घातली गेली? मेल्यावरही जात विचारणारं हे कसलं कुटुंब?

चर्चमध्ये अस्पृश्यता आहे, हे २०१६ मध्ये कॅथलिक बिशपांनीच मान्य केलं. भारतातला पहिला दलित कार्डिनल व्हायला २०२२ उजाडलं!

सरकारही कमी नाही. १९५० च्या आदेशाने दलित ख्रिश्चन अनुसूचित जातींच्या यादीबाहेर आहेत. १९९० मध्ये आपण बौद्ध यादीत आलो, ते मात्र बाहेरच.

त्यांच्या लढ्यात आपण उभं राहिलंच पाहिजे. आणि चर्चला एवढंच सांगणं: प्रेमाची प्रवचनं नंतर, आधी भिंत पाडा!

जय भीम!