निर्णय कोणाचा?

मिलिंद बोकील हे नाव निघाले की मराठी वाचकाच्या ओठी पहिला शब्द येतो तो ‘शाळा’. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या कादंबरीने, आणि २०१२ साली पडद्यावर आलेल्या तिच्यावरील चित्रपटाने, लेखकाला घरोघरी नेले, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु एका पुस्तकाच्या कीर्तीखाली त्याच लेखकाची बाकीची पुस्तके झाकली जावीत, आणि त्यांतही जी आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यातून जन्मास आली तीच आपल्याकडे फारशी चर्चिली जाऊ नयेत, हे आम्हांस खटकते. जिवतीसारख्या तालुक्याचा विचार मनात आला म्हणजे तर ते अधिकच खटकते.

बोकिलांच्या लेखनाचा पट मोठा आहे. एका बाजूला ‘झेन गार्डन’मधील कथा आहेत, ‘समुद्र’, ‘गवत्या’ ह्या कादंबऱ्या आहेत. दुसऱ्या बाजूला ‘जनाचे अनुभव पुसतां’मधील लेख आहेत, ‘कातकरी : विकास की विस्थापन?’ हा २००६ सालचा अभ्यास आहे, धानोरा तालुक्यातील मेंढा गावावरचे ‘गोष्ट मेंढा गावाची’ आणि गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाववरचे ‘कहाणी पाचगावची’ ही पुस्तके आहेत. पहिल्या बाजूला ललित म्हणावे, दुसरीला सामाजिक म्हणावे आणि दोन्ही निरनिराळ्या फळ्यांवर ठेवून मोकळे व्हावे, अशी आपली रीत आहे. साहित्याचा रसिक म्हणतो, कादंबरीकाराने ग्रामसभेत कशाला जावे? कार्यकर्ता म्हणतो, कादंबरी वाचावयास सवड कोणाला आहे? आमच्या मते दोघेही चुकतात.

आम्ही काही वर्षे शिक्षकाचा व्यवसाय केला आहे. म्हणून नववीतल्या मुकुंद जोशीची ती हकीकत आम्ही केवळ कोवळ्या प्रेमाची कथा म्हणून वाचू शकलो नाही. तिचा काळ आणीबाणीचा आहे. वरून शिस्तीचे हुकूम सुटत आहेत, वडील माणसे आवाज खाली आणून बोलत आहेत, आणि अशा वेळी एक मुलगा स्वतःचे मन स्वतः ओळखावयास शिकत आहे. ‘समुद्र’मध्ये एक पती-पत्नी समुद्रकाठी येतात आणि संसारात इतकी वर्षे न बोललेले बोलू लागतात. ह्या दोन्ही कथांच्या तळाशी एकच प्रश्न आहे: माणसाच्या आयुष्याचा निर्णय कोणी करावयाचा? मेंढा आणि पाचगाव येथे लेखकाने हाच प्रश्न एका माणसाऐवजी एका गावापुढे ठेवलेला पाहिला. विषय बदलला, लेखणी बदलली नाही.

मेंढ्याची हकीकत आपल्या वाचकांस ऐकून तरी ठाऊक असेल. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने हे छोटे गोंड गाव बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने निर्णय घेऊ लागले. वनहक्क कायद्याखाली २००९ साली त्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक मुख्यमंत्री व केंद्रीय मंत्री यांच्या उपस्थितीत ग्रामसभेच्या हाती आले. पाचगावला असाच हक्क २०१२ साली मिळाला. बांबू विकून गाव उभे राहिले. परंतु तेंदूपानांसाठी झाडे छाटली जातात, वणवे लावले जातात, म्हणून हाती येणारे ते उत्पन्न त्याच गावाने आपण होऊन सोडले. स्वतःच्या हिताला स्वतः मर्यादा घालणे हेच स्वराज्याचे खरे लक्षण होय, आणि अशा गावाचे मन उलगडून दाखवावयास कादंबरीकाराचीच नजर लागते.

आता जिवतीकडे वळू. पाचगाव आणि जिवती ह्यांच्यामध्ये वर्धा नदी आणि राजुरा तालुका एवढेच अंतर आहे. माणिकगडच्या ह्या डोंगरांत कोलामांचे गुडे आहेत, गोंडांची गावे आहेत, आणि दुष्काळाच्या दिवसांत मराठवाड्यातून पोट हातावर घेऊन आलेल्यांच्या वस्त्या आहेत. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड ह्या महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिम जमाती होत. त्यांपैकी कातकऱ्यांवर बोकिलांनी लिहिले, त्यांच्या पुस्तकाच्या नावातले प्रश्नचिन्ह कोलामांच्या गुड्यावरही तितकेच लागू आहे. २००६ च्या कायद्याने आदिवासींचा वनहक्क मान्य केला. बिगर आदिवासींना मात्र तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास सिद्ध करावयास सांगितले. दुष्काळात आलेल्यांनी तो पुरावा कोठून आणावा? शिवाय चौदा गावे महाराष्ट्र आणि तेलंगण ह्यांच्या सीमावादात वर्षानुवर्षे लोंबकळत राहिली. ह्या डोंगरावरच्या माणसाविषयीचे निर्णय बहुधा दुसऱ्यानेच, दूर बसून, घेतलेले आहेत.

म्हणून मेंढ्याची प्रत उचलून जिवतीवर चिकटवावी, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. मेंढा एका जमातीचे, एका वळणाचे गाव आहे. जिवतीत तीन प्रकारची माणसे एकाच जमिनीकडे पाहत आहेत, आणि त्यांच्या सहमतीची वाट अधिक बिकट आहे. परंतु माणसे एकत्र बसून कशी बोलू लागतात, रागावतात, थांबतात आणि पुन्हा बसतात, हे ह्या पुस्तकांतून शिकण्याजोगे आहे. तेव्हा आमची सूचना साधी आहे. जिवती तालुक्यातील प्रत्येक आश्रमशाळेत आणि ग्रामपंचायतीत ही दोन पुस्तके असावीत, ती ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावीत, आणि ज्यांना मराठी परकी वाटते त्यांस कोलामी व गोंडी भाषेत त्यांचा आशय सांगितला जावा. ह्यासाठी मोठा निधी नको. एक शिक्षक आणि एक संध्याकाळ पुरे आहे.

पुण्यामुंबईकडच्या वाचकाने ‘शाळा’ वाचून आपले बालपण आठवावे, त्यात काही वावगे नाही. परंतु आपण अरण्यातली माणसे आहोत. आपल्याविषयी लिहिले गेलेले आपण वाचले नाही, तर उद्या आपल्याविषयी ठरविले जाईल तेही आपल्याला वाचावयास मिळणार नाही. जिवतीची गोष्ट अद्याप लिहावयाची आहे. ती बाहेरच्या लेखकाने लिहावी ह्यापेक्षा, त्या डोंगरावरच्या एखाद्या नववीतल्या मुलाने वा मुलीने लिहावी, अशी आमची इच्छा आहे.