डायलिसिस फुकट, गोळी विकत

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,


मी साखर कारखान्याच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालो. माझ्या पत्नीला बऱ्याच वर्षांपासून शुगर आणि बीपी आहे. आता लघवीतून प्रथिनं जाऊ लागली आहेत, म्हणजे किडनीवर परिणाम सुरू झाला आहे. आजार तिचा असला तरी औषधांचं खातं माझ्याकडे असतं. कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर, कुठली पट्टी संपत आली, हे मी बघतो. महिनाअखेर जवळ आली की ती म्हणते, "आज बरं वाटतंय, रात्रीची नको." या आजारात बरं वाटण्यावर भरवसा ठेवता येत नाही, हे तिला माझ्याइतकंच कळतं. पण तिला माझी पेन्शनही माहीत आहे. ईपीएस-95 ची किमान पेन्शन 2014 मध्ये 1000 रुपये ठरली. माझी त्याहून फार वर नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं कार्ड आमच्याकडे आहे. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार त्यात मिळतात, डायलिसिसही मिळतं. म्हणजे उद्या हिची किडनी निकामी झाली, तर शासन खर्च उचलेल. ती निकामी होऊ नये म्हणून रोज घ्यायच्या गोळ्यांना मात्र त्या कार्डावर एक रुपयाही मिळत नाही, कारण त्यासाठी कुणी खाटेवर दाखल होत नाही. यंत्राच्या तेलपाण्याला पैसे नाहीत आणि यंत्र मोडल्यावर हवे तेवढे आहेत, असा अर्थसंकल्प आमच्या संचालक मंडळानंही मंजूर केला नसता.

या गोळ्या आता पूर्वीइतक्या महाग राहिलेल्या नाहीत. मधुमेहात किडनी जपणाऱ्या औषधांपैकी डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट 2020 मध्ये संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च 2025 मध्ये. एम्पाग्लिफ्लोझिनची गोळी साठेक रुपयांना पडायची. पेटंट संपताच 10 रुपयांच्या आसपासचे पर्याय बाजारात आले. पण चिठ्ठीवर जुन्या ब्रँडचं नाव असेल, तर तेच औषध दुसऱ्या ब्रँडचं देण्याची मुभा दुकानदाराला कायदा देत नाही. डॉक्टरांनी जेनेरिक नाव लिहावं, असा नियम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं ऑगस्ट 2023 मध्ये आणला आणि त्याच महिन्यात स्थगित केला. स्वस्त झालेली गोळी अशी बाजारातच राहते.

त्याच ऑगस्टपासून आपल्या खात्याच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. आम्ही तिथं जातो. मेटफॉर्मिन, अ‍ॅम्लोडिपिन बहुतेक वेळा मिळतं. बाकीच्या औषधांसाठी "बाहेरून घ्या" म्हणतात. जे मिळतं तेही थोड्या दिवसांचं, ते संपलं की पुन्हा रांग. एसटीत हिला अर्धं तिकीट लागतं, तरी दोघांचं जाण्यायेण्याचं भाडं मिळालेल्या गोळ्यांच्या किमतीला भिडतं.

दुसऱ्या राज्यांनी यातून वाट काढली आहे. राजस्थानात 2011 पासून बाह्यरुग्णांनाही सरकारी दवाखान्यात मोफत औषधं देण्याची योजना आहे, आणि राजस्थान काही आपल्यापेक्षा श्रीमंत नाही. तामिळनाडूनं 2021 मध्ये 'मक्कळै तेडि मरुत्तुवम' योजना आणून बीपी-शुगरच्या गोळ्या घरपोच द्यायला सुरुवात केली.

माझ्या मागण्या तीन आहेत. कायमस्वरूपी आजाराच्या नोंदणीकृत रुग्णांना याच कार्डावर, दाखल न होता, जनऔषधी केंद्रातून औषधं मिळावीत. प्रकृती स्थिर असेल तर ती एका वेळी तीन महिन्यांची द्यावीत आणि नवऱ्याला किंवा बायकोला नेऊ द्यावीत. आपल्या रुग्णालयांतल्या चिठ्ठ्यांवर औषधाचं मूळ नाव वाचता येईल अशा अक्षरात असावं; त्यासाठी दिल्लीच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही.

यावर "एवढा निधी कुठून आणायचा?" असा शेरा फाइलवर येईल, हे मला ठाऊक आहे; असे शेरे मीही नोकरीभर वाचले. तेव्हा खात्याकडून एक कोष्टक मागवा. एका रकान्यात रुग्णाच्या गोळ्यांचा वर्षाचा खर्च, शेजारच्या रकान्यात त्याच रुग्णाच्या डायलिसिसचा वर्षाचा खर्च. आणि ते कोष्टक विधानसभेच्या पटलावर ठेवा.

आपला,
एक निवृत्त कारखाना कर्मचारी