भेसळ १२, औषध ७७, बुरशी ३६८

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण, नवी दिल्ली

महोदय,

आकडे तुमचेच आहेत, त्यामुळे प्रस्तावना करत नाही. मे ते ऑक्टोबर २०१८ मध्ये देशातल्या १,१०३ शहरांतून दुधाचे ६,४३२ नमुने घेतले गेले. ऑक्टोबर २०१९ मध्ये तुम्ही निकाल जाहीर केलात. भेसळीमुळे पिण्यास असुरक्षित ठरलेले नमुने १२. अँटिबायोटिकचा अंश मर्यादेपेक्षा जास्त असलेले ७७. अफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीचे विष मर्यादेपेक्षा जास्त असलेले ३६८. आणि निष्कर्ष काय सांगितलात, तर देशातले दूध बहुतांशी सुरक्षित आहे. अभिनंदन.

एकूण असुरक्षित नमुने ४५६ (बेरीज ४५७ होते, कारण एक नमुना दोन कारणांनी नापास). त्यातून भेसळीचे १२ वजा केले की उरतात ४४४. आता दिवाळी-दसऱ्याच्या तोंडावर वर्तमानपत्र उघडावे. युरिया, डिटर्जंट, पामतेल, टँकर अडवला, दूध रस्त्यावर ओतले, सोबत फोटो. घरोघरच्या गृहिणींना भेसळ ओळखायला शिकवणारी 'डार्ट' पुस्तिकाही तुम्ही काढलीत. दुधात स्टार्च आहे का, हे आयोडिनचे दोन थेंब टाकून आमच्या आयाबहिणींनी पाहायचे. छान आहे. पण बारांच्या मागे एवढी फौज धावते, तेव्हा त्या ४४४ नमुन्यांमागे कोण जाते?

ते ४४४ नमुने कुठल्या चोरट्या कारखान्यात तयार झालेले नाहीत. ते आमच्या गोठ्यात तयार झाले. मी दूध घालणारा माणूस आहे, म्हणून हे लिहायला मला लाज वाटायला हवी, पण राग जास्त येतो.

गाईला दगडी होते. कास सुजून घट्ट होते, दुधात गाठी येतात. डॉक्टर सडात ट्यूब सोडतो, मानेत इंजेक्शन देतो. उपचार योग्यच आहे, त्याने गाय वाचते. पण ते औषध पुढे कित्येक वेळच्या धारेतून दुधात उतरत राहते आणि दूध उकळले म्हणून त्याच्यावर विसंबता येत नाही. घरातल्या बायकांना हे तुमच्या प्रयोगशाळेच्या आधी कळते, कारण त्या दुधाला विरजण लागत नाही. विरजणातले जंतूच मरतात, दही लागणार कशाचे? त्यामुळे असे दूध घरी कुणी ठेवत नाही. ते कॅनमध्ये जाते. कॅन डेअरीत जातो आणि तिथून पिशवी तुमच्या दिल्लीतसुद्धा जात असेल.

यावर नियम नाही असे नाही. जानेवारी २०१२ मध्ये औषध नियमांत दुरुस्ती झाली. ज्यांचे दूध, अंडी, मांस माणूस खातो, अशा जनावरांच्या औषधावर ते थांबवल्यानंतर किती दिवस दूध किंवा मांस वापरायचे नाही हे छापले पाहिजे. तो काळ ठरलेला नसेल तर दूध आणि अंड्यांसाठी किमान ७ दिवस, मांसासाठी किमान २८ दिवस धरायचे. आता हा नियम गोठ्यात आणून बघा. १८ लिटरची गाय, लिटरला ३० रुपये भाव. सात दिवसांचे १२६ लिटर म्हणजे ३,७८० रुपये. उपचार चालू असतानाचे दिवस वेगळे, डॉक्टरची फी वेगळी, ट्यूबचे पैसे वेगळे. पेंडीचे बिल तर गाय आजारी असली तरी थांबत नाही. हे ३,७८० रुपये कुणी सोसायचे? नियमात तेवढेच लिहायचे राहून गेले.

आणि सोसले तरी त्याची दखल कोण घेतो? संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ बघतात. मशीनची नळी दुधात बुडवली की मिनिटाभरात पावती हातात. फॅट ३.५ च्या खाली गेली की पॉइंटमागे पैसे कापतात, डिग्री लागली नाही तर दूध परत. वाटीभर पाणी पकडणाऱ्या या व्यवस्थेला पेनिसिलिन ओळखता येत नाही. ज्याने सात दिवस दूध उकिरड्यावर ओतले त्याच्या खात्यात शून्य, ज्याने त्याच संध्याकाळी कॅनमध्ये ओतले त्याला पूर्ण भाव. काही मिनिटांत अँटिबायोटिक दाखवणाऱ्या पट्ट्या बाजारात मिळतात. त्या गावाच्या केंद्रापर्यंत का येत नाहीत, हे मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले, 'खर्च कोण करणार?' फॅटच्या मशीनचा खर्च कोण करतो, हे मी विचारले नाही. तिथे माझे पैसे कापायचे असतात, म्हणून मशीन येते.

लेखी तक्रारी केल्या. एका कार्यालयाने सांगितले, जनावरांची औषधे हा आमचा विषय नाही. दुसऱ्याने सांगितले, आम्ही दुकानाचा परवाना बघतो, दुधात काय उतरते ते अन्नवाल्यांना विचारा. अन्नवाल्यांनी विचारले, भेसळ आहे का? नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला. कार्यालयांची नावे मुद्दाम लिहीत नाही. लिहिली तर एखाद्या कारकुनाची बदली होईल आणि प्रकरण निकाली निघाले असा शेरा पडेल.

खरे तर त्या कारकुनाचा काय दोष? तुमचाच २००६ चा कायदा काढून बघा. कलम २१ सांगते, की ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त पशुऔषधांचे किंवा अँटिबायोटिकचे अंश कुठल्याही अन्नात असता कामा नयेत. आणि कलम ३ मधली अन्नाची व्याख्या सांगते, की पशुखाद्य अन्नात मोडत नाही, औषधे मोडत नाहीत, जिवंत जनावरही खाण्यासाठी बाजारात आणायला तयार केल्याखेरीज मोडत नाही. म्हणजे सडातून बाहेर पडलेल्या दुधात जे सापडते ते तुमचे, आणि ते ज्यामुळे आले ते दुसऱ्याचे. औषधाची मंजुरी केंद्रीय औषध नियंत्रकांकडे, पेंडीचे मानक भारतीय मानक ब्युरोकडे, गाय राज्याच्या पशुसंवर्धन खात्याकडे, मर्यादेचा तक्ता तुमच्याकडे. चार भावांनी एक गाय वाटून घेतली आणि शेण काढायला कुणी नाही, अशी ही वाटणी आहे. महाराष्ट्रात तर अन्न आणि औषध एकाच प्रशासनाच्या पाटीखाली बसतात, तरी दोन टेबलांमधले अंतर काही पार होत नाही.

तक्ता मात्र तुम्ही नेमाने सुधारता, हे मान्य. २०१८ मध्ये सुधारलात, ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा सुधारून १ एप्रिल २०२५ पासून लागू केलात. दूध, मांस, अंडी, मध, मासे, सगळ्यांसाठी मर्यादा कडक झाल्या. कडक मर्यादा मोजायला कुणी तरी लागते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१७ च्या अहवालात नोंदवले होते, की राज्यांच्या ७२ अन्न प्रयोगशाळांपैकी ६५ कडे एनएबीएल मान्यताच नव्हती.

बुरशीचे ३६८ तर सर्वांत मोठा आकडा, आणि त्याच्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. सरकी पेंड, शेंगदाणा पेंड, मक्याचा भरडा गोदामात ओलीला लागला की बुरशी धरतो. मुरघासाचा खड्डा नीट दाबला-झाकला नाही तर तिथेही तेच. त्या बुरशीचे विष गाईच्या पोटात जाते, यकृतात त्याचे एम-१ होते आणि दुधात उतरते. पाश्चरायझेशनने ते जात नाही. तुमच्याच पाहणीत कच्च्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधात त्याचे प्रमाण जास्त निघाले. म्हणजे गवळ्याकडून घेण्यापेक्षा पिशवी बरी, असे समजून जास्त पैसे मोजणाऱ्याच्या वाट्याला हे जास्त आले. आपली मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम, युरोपची ०.०५. दहापट सैल पट्टी लावूनसुद्धा ३६८! पेंडीच्या गोणीवर प्रोटीन किती, फॅट किती हे मी वाचू शकतो. अफ्लाटॉक्सिन किती, ते मी वासावरून ठरवायचे का?

अँटिबायोटिकचे ७७ म्हणजे १.२ टक्के, फार नाही, असे मला एका शहाण्या माणसाने समजावले. मी हिशेब केला. २०१८-१९ मध्ये देशात सुमारे १८ कोटी ७७ लाख टन दूध निघाले, म्हणजे दिवसाला ५१ कोटी किलो. त्याचे १.२ टक्के ६१ लाख किलो. नमुन्यांची टक्केवारी अशी सरळ किलोंना लावता येत नाही, हे मलाही कळते. बरेच दूध गावातल्या घरांतच राहते, हेही खरे. मग निम्मे करा. अजून एकदा निम्मे करा. रोजचे पंधरा लाख किलो उरतात. राज्यवार यादीत मध्य प्रदेशाचे ३३५ पैकी २३ आणि त्याखालोखाल महाराष्ट्राचे ६७८ पैकी ९ नमुने अँटिबायोटिकचे होते. ते नऊ कुठल्या जिल्ह्यांतले, पुढे कुणाला नोटीस गेली, हे दूध घालणाऱ्याला आणि पिणाऱ्याला कुठे वाचायला मिळते? संघटित डेअऱ्यांनी १ जानेवारी २०२० पासून तपासणीची योजना पाळावी असे तुम्ही बजावले होते. ती कुणी पाळली याचा फलक निदान एखाद्या केंद्राच्या दारात तरी लावायचा.

हे आपल्याकडे जमणार नाही, देश मोठा आहे, असे सांगू नका. अमेरिकेत दुधाचा प्रत्येक टँकर रिकामा करण्याआधी पेनिसिलिनच्या कुळातल्या औषधांसाठी तपासतात. सापडले तर सगळा टँकर फेकतात आणि ज्याच्या गोठ्यातून ते आले त्याच्याकडून वसुली होते. मला ती वसुली चालेल. आणि आपल्याकडेही जमते, फक्त गिऱ्हाईक परदेशी लागते. युरोपला जाणाऱ्या आपल्या कोळंबीच्या १० टक्के मालाची तिकडे औषधांच्या अंशासाठी तपासणी व्हायची, २०१६ पासून ती ५० टक्के झाली. तेव्हापासून निर्यातीच्या मालावर इकडे किती डोळे लागतात ते किनाऱ्यावरच्या कुणालाही विचारा. जे ब्रुसेल्सच्या ताटासाठी करता येते ते बारामतीच्या वाटीसाठी करता येत नाही, याचे कारण एकदा छापून तरी द्या.

कोंबडीचे वेगळे काय सांगू? कोलिस्टिन हे माणसाचे शेवटच्या फळीतले औषध. त्याला दाद न देण्याची ताकद जंतूंना देणारे आणि एका जंतूतून दुसऱ्यात जाऊ शकणारे जनुक २०१५ मध्ये चीनमध्ये सापडले, आणि १९ जुलै २०१९ ला आपल्या आरोग्य मंत्रालयाने कोंबड्या, मासे, जनावरे आणि पशुखाद्य यांत कोलिस्टिन बंद केले. तोवर ते कोंबडीचे वजन वाढावे म्हणून खाद्यातून दिले जात होते. कराराने कोंबड्या वाढवणाऱ्या आमच्या मित्रांना कंपनी पिल्ले देते, खाद्य देते, औषध देते, ते किलोमागे वाढणावळ घेतात. खाद्यात काय मिसळले आहे हे त्यांना सांगण्याची कुणाला गरज वाटत नाही, आणि उद्या नमुना नापास झाला तर शेड त्यांच्याच नावावर असते.

बंदी आणि बाटली यांच्यातले अंतर या देशाने एकदा पाहिले आहे. डायक्लोफेनॅक २००६ मध्ये जनावरांसाठी बंद झाले, कारण ते दिलेले मेलेले जनावर खाऊन गिधाडे मरत होती. पण माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या दुकानात राहिल्या आणि त्याच गाईंना टोचल्या गेल्या. कुपी ३ मिलीलिटरवर आणायला २०१५ उजाडले. तोपर्यंत गिधाडे संपत आली होती. ती अर्ज करत नव्हती, हे त्यांचे चुकलेच. आम्ही करतो आहोत.

आमचे मागणे असे. प्रत्येक शीतकरण केंद्रावर दूध टँकरमध्ये जाण्याआधी अँटिबायोटिकची पट्टी लावा आणि तिचा खर्च दुधाच्या भावातून कापू नका. औषध चालू असल्याचे जो आपणहून सांगेल, त्याचे सात दिवसांचे दूध मोजून निदान निम्म्या भावाने भरपाई द्या. डेअरीने द्यायची की सरकारने, ते तुम्ही चौघांनी बसून ठरवा. जो लपवेल त्याच्याकडून वसूल करा, माझ्याकडूनही. पेंडीच्या प्रत्येक गोणीवर अफ्लाटॉक्सिनचा तपासणी निकाल आणि तारीख छापायला लावा. त्यासाठी कलम ३ ची व्याख्या आड येत असेल तर ती बदलायचा प्रस्ताव संसदेकडे पाठवा, तेवढा अधिकार शेतकऱ्याला नाही, तुम्हाला आहे. आणि सर्वेक्षणाचे निकाल जिल्हावार, डेअरीच्या नावासह जाहीर करा. भेसळ करणाऱ्याचे नाव छापताना कुणाला संकोच वाटत नाही, मग इथे का वाटावा?

टँकरवरची तपासणी कोणत्या तारखेपासून सक्तीची होणार, ती तारीख कळवा. हे पत्र 'पुढील योग्य कार्यवाहीसाठी' दुसऱ्या खात्याकडे पाठवू नये ही नम्र विनंती. ती सगळी खाती फिरूनच मी तुमच्यापर्यंत आलो आहे.

आपला,
एक दूध उत्पादक
अहिल्यानगर जिल्हा