एंटर दाबल्यावर काय दिसते?

लखनौच्या अमीनाबादेत चिकनच्या भरतकामाच्या कपड्यांचा आणि औषधांचा घाऊक व्यापार आहे. दोन्हीकडे उधारी आली, माल परत येणेही आले. समजा, एखाद्या चिकनवाल्याला कर्जासाठी बँकेला विक्री दाखवायची आहे. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये अहवालाचा कालावधी बदलायला ऑल्ट आणि एफ-२ पुरतात. ईदेनंतर परत आलेल्या मालाच्या नोंदी सुरू होण्याआधीची तारीख घातली, की विक्री भरघोस दिसते. एकही आकडा खोटा नाही, तरी चित्र खोटे.

टॅलीत निदान आकड्यावर एंटर दाबत गेले, तर मूळ व्हाउचरपर्यंत पोहोचता येते. बँकेच्या हाती मात्र पीडीएफ पडते आणि तिथे ही वाट बंद होते. अहवाल सजवणाऱ्या सॉफ्टवेअरची सारी वाटचाल मला याच वाटेच्या संदर्भात तपासावीशी वाटते. १९९३मध्ये व्हिज्युअल बेसिकसोबत क्रिस्टल रिपोर्ट्स मिळू लागले आणि छोट्या कंपन्यांचे प्रोग्रामरही देखणे अहवाल बनवू लागले. त्यात तपशिलाच्या ओळी झाकायचे दोन पर्याय असतात: एकात वाचणाऱ्याला त्या उघडून पाहता येतात, दुसऱ्यात नाही. कोणता निवडायचा हे अहवाल बनवणारा ठरवतो. वाचणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. पुढे टॅब्लो आले, २०१५मध्ये पॉवर बीआय आले. रंग वाढले, वेग वाढला. निवड मात्र बनवणाऱ्याच्याच हाती राहिली.

अहवालामागे काही दडवले जाईल, ही भीती पोकळ नाही. मुंबईच्या पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. एचडीआयएल या बांधकाम समूहाची ४४ कर्जखाती लपवण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखवल्याचा आरोप पोलिस तक्रारीत होता. ती खाती बँकेच्या कोअर बँकिंग प्रणालीत नव्हतीच; होती फक्त रिझर्व्ह बँकेला दिलेल्या कर्जांच्या यादीत. यादीतल्या चार खात्यांचा जरी प्रणालीत शोध घेतला असता, तरी बिंग फुटले असते. आणि ठेवीदार? ते स्वतःच्याच पैशांसाठी रांगेत उभे राहिले.

१ एप्रिल २०२३पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे सक्तीचे आहे. नियम चांगला आहे, पण तो कंपनी कायद्याखालचा. अमीनाबादेतल्या एका मालकाच्या किंवा भागीदारीतल्या दुकानाला तो लागू नाही. तिथे कर्ज देणाऱ्या अधिकाऱ्याने पीडीएफ बाजूला सारून दुकानातल्या संगणकावरच एंटर दाबून पाहावे, आणि तारीख स्वतः टाकावी.