वेडा कोण? जोकर की गॉथमची व्यवस्था?

चित्रपटातला खलनायक मेला की प्रेक्षक टाळ्या वाजवून घरी जातो. तो काय बोलून गेला, याचा विचार कोणी करीत नाही. ख्रिस्तोफर नोलन यांच्या २००८ सालच्या ‘द डार्क नाइट’मधील जोकर मात्र चळवळीतल्या माणसाने नीट पाहावा असा आहे. ही भूमिका करणारे हीथ लेजर चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच वारले. त्यांना २००९ मध्ये मरणोत्तर ऑस्कर मिळाले.

जोकर खुनी आहे. त्याचे समर्थन होऊच शकत नाही. परंतु गॉथम शहर त्याने नासवलेले नाही. तो येण्याआधीच माफियांचा पैसा तिथल्या बँकेत सुरक्षित आहे आणि पोलीस माफियांचे मिंधे आहेत. सरकारी वकील हार्वे डेंट आणि रेचेल यांना शत्रूच्या हाती देतात ते पोलीसच! त्यातली एक तर आईच्या दवाखान्याच्या बिलापायी विकली गेलेली. जोकर स्वतः मात्र नोटांचा ढीग पेटवून देतो. ज्याला विकत घेता येत नाही, त्याला व्यवस्था वेडा ठरवते.

इस्पितळात तो डेंटला सुनावतो, त्याचा आशय असा: गुंड मेला, सैनिकांचा ट्रक उडाला, तरी कोणी हादरत नाही, कारण ते ठरलेल्या योजनेत बसते. एक महापौर मरणार म्हटले की शहर वेडेपिसे होते. लाच हा भ्रष्टाचाराचा लहान भाग झाला. कोणाचे मरण मोजायचेच नाही, हे आधी ठरवून ठेवणे हा खरा भ्रष्टाचार होय! आपल्याकडे हाताने मैला साफ करण्याविरुद्ध १९९३ आणि २०१३ साली कायदे झाले. तरीही गटारात उतरलेला सफाई कामगार गुदमरून मरतो आणि बातमी आतल्या पानावर दोन ओळींत संपते. तोही ‘योजनेत’ बसलेला! तो कोणत्या जातीचा, हे वाचकांना सांगायला हवे काय?

मग जोकर चुकतो कुठे? तो दोन बोटींत स्फोटके ठेवतो. एकीत नागरिक, दुसरीत कैदी. प्रत्येकाच्या हाती दुसऱ्याची बोट उडवण्याचे बटण. सभ्य नागरिक रीतसर मतदान घेतात आणि बहुमत कैद्यांना उडवण्याच्या बाजूने पडते! पण बटण दाबायला कोणी धजत नाही. तिकडे काळ्या वर्णाचा एक धिप्पाड कैदी ते बटण खिडकीतून फेकून देतो. गुन्हेगाराचा शिक्का बसलेल्यानेच माणुसकी राखली. माणूस मुळातच सडका, हा जोकरचा सिद्धान्त तिथे हरतो.

शेवटी डेंट स्वतः खुनी होतो आणि बॅटमॅन व पोलीस आयुक्त गॉर्डन ते लपवून त्याला महात्मा बनवतात. २०१२ च्या पुढच्या चित्रपटात ते खोटे उघडे पडते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी दोन्ही धोके सांगितले होते. राजकारणातली विभूतिपूजा हुकूमशाहीकडे नेते आणि संविधानाचा मार्ग सोडणे हे अराजकाचे व्याकरण आहे. गॉथमने दोन्ही करून पाहिले.

वेड्याने आरसा दाखवला, म्हणून कोणी वेड्याच्या मागे जाऊ नये. आरशात दिसलेली घाण धुण्याचे काम संघटन, मत आणि संविधान यांच्या बळावर शहाण्यांनाच करावे लागेल!