नको असलेल्या प्रश्नांच्या ढिगाखाली

जून 2025 मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहर लाल यांनी नव्या एसींचे तापमान 20 ते 28 अंश सेल्सिअस या मर्यादेत बांधण्याचा मनोदय जाहीर केला. समाजमाध्यमांवर त्यानंतर सक्ती आणि स्वातंत्र्य यांवर वाद रंगला. माझ्याकडे आलेल्या प्रश्नांचा सूर मात्र निराळा होता. ‘मॅडम, मग आता कोणत्या कंपनीचा एसी घेऊ?’ असे लखनौहून एकाने विचारले. कोइमतूरहून एकीने तीन महिन्यांच्या वीजबिलांची छायाचित्रे पाठवून ‘एवढे बिल का?’ एवढेच लिहिले.

मी पदार्थविज्ञानाची संशोधक. घरगुती वीजबचतीविषयी अधूनमधून लिहिते, बोलते. एवढ्या भांडवलावर लोक मला दुकानदार, वायरमन आणि वीज कंपनीची तक्रार-अधिकारी असे सर्व काही एकाच वेळी समजतात. त्यांत आपल्या यंत्राची भलामण करावी म्हणून गळ घालणारे विक्रेतेही आले. या ओघाला कंटाळून मी दोन वर्षांपूर्वी एक ठरीव उत्तर तयार केले: ‘व्यक्तिगत सल्ला देता येत नाही, क्षमस्व.’ प्रश्न नीट न वाचताच मी ते पाठवू लागले आणि त्यात मला काही गैर वाटत नव्हते.

एके दिवशी जुने संदेश चाळताना नऊ दिवसांपूर्वीचा एक प्रश्न दिसला. ‘गीझर सुरू असताना नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. अशाने वीज वाया जाऊन बिल वाढते का?’ विचारणाऱ्या बाईंनाही माझे तेच ठरीव उत्तर गेले होते.

या प्रश्नात बिल ही सर्वांत गौण गोष्ट होती. गीझरमधील तापणाऱ्या कांडीचे आवरण खराब झाले की विद्युतप्रवाह यंत्राच्या धातूच्या भागांत आणि पाण्यात उतरू शकतो. अर्थिंग शाबूत असेल तर तो जमिनीत जातो. अर्थिंग तुटले असेल तर तो माणसाच्या शरीरातून वाट शोधतो. झिणझिण्या ही त्याची पूर्वसूचना असते. मी घाईने दूरध्वनी केला. सुदैवाने त्यांनी तोवर वायरमनला बोलावले होते आणि अर्थिंगची तार तुटलेली आढळली होती. त्या सुखरूप राहिल्या, यात माझे श्रेय काहीही नव्हते.

त्या दिवसापासून मी नको असलेल्या प्रश्नांकडे निराळ्या नजरेने पाहू लागले. माणूस आपल्याजवळ असलेल्या शब्दांतच विचारतो. धोका त्याला बिलाच्या भाषेत दिसतो, फसवणूक बचतीच्या भाषेत. ‘कोणता प्रश्न माझ्या कक्षेत येतो’ हे ठरवण्यासाठीसुद्धा तो आधी वाचावा लागतो.

सॉकेटमध्ये खोचायच्या ‘वीज वाचवणाऱ्या’ डबीचेच उदाहरण घ्या. तिच्याविषयीचे प्रश्न मी हास्यास्पद म्हणून बाजूला सारत असे. अशा डबीत बहुधा एक कपॅसिटर असतो. पंख्याची किंवा पंपाची मोटर तारांतून जो प्रतिघाती प्रवाह खेळवते, तो या कपॅसिटरने काहीसा कमी होतो, हे खरे. पण सर्वसाधारण घरगुती मीटर मोजतो ती प्रत्यक्ष खर्ची पडलेली ऊर्जा, म्हणजे किलोवॅट-तास. ती बदलत नाही. म्हणून बिलही बदलत नाही. विद्युतशास्त्राच्या प्राथमिक पाठात बसणारे हे उत्तर वेळेवर न मिळाल्याने कष्टाचे पैसे त्या डबीत जातात. ज्याला विचारावे असे कोणी नसते, तो विक्रेत्याला विचारतो.

आपल्या देशात माहितीची वाण नाही. ऊर्जा संवर्धन कायदा 2001 चा. ऊर्जा दक्षता ब्युरो 2002 पासून कार्यरत आहे. उपकरणांवरील ताऱ्यांची योजना 2006 मध्ये आली. छताच्या पंख्यांना 2023 पासून ती सक्तीची झाली. जुना 75 वॅटचा पंखा काढून 30 वॅटचा बीएलडीसी पंखा लावला आणि तो रोज बारा तास चालला, तर महिन्याला सुमारे 16 युनिट वाचतात. हा हिशेब कोणालाही करता येईल. तरीही तारांकनाचे निकष वेळोवेळी कडक होतात, त्यामुळे ताऱ्यांइतकेच लेबलवरील वर्षही पाहावे, हे दुकानात कितीजणांना सांगितले जाते?

लेबल बोलते, पण ऐकून घेत नाही. कायद्यानुसार राज्याराज्यांत ऊर्जा संवर्धनासाठी नियुक्त संस्था आहेत. महाराष्ट्रात महाऊर्जा, केरळात एनर्जी मॅनेजमेंट सेंटर. वीजविषयक तक्रारींसाठी 1912 हा क्रमांक आहे. वीज गेली की आपण तो फिरवतो. ‘माझे बिल का वाढले, काय बदलू?’ हेही त्याच क्रमांकावर, आपल्या भाषेत विचारता आले पाहिजे. ग्राहकाच्या वापराची आकडेवारी वीज कंपनीपाशीच असते. माझ्यापाशी असते फक्त एक अंधूक छायाचित्र. प्रशिक्षित सल्लागाराचे काम हौशी शास्त्रज्ञाच्या सवडीवर सोडणे हे धोरण होऊ शकत नाही.

यावर कोणी म्हणेल, शास्त्रज्ञाने आपले संशोधन करावे, चौकशीची खिडकी उघडून बसू नये. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच नकाराचा हक्क मी सोडलेला नाही. कंपनीचे नाव मी आजही सांगत नाही. विक्रेत्यांना उत्तर देत नाही. न पाहिलेल्या घरातील वायरिंगचे निदान दुरून करत नाही. मात्र नकार देताना पुढची वाट दाखवते: लेबल कसे वाचावे, बिलातील युनिट कोठे पाहावेत, कोणाला बोलवावे. आणि शॉक, झिणझिण्या, जळका वास, गरम झालेले सॉकेट यांपैकी एक शब्द जरी दिसला, तरी बाकी सारे बाजूला ठेवून त्याच दिवशी लिहिते: मुख्य स्विच बंद करा, यंत्र वापरू नका, परवानाधारक वायरमनला बोलवा, अर्थिंग तपासून घ्या आणि 30 मिलिअँपिअरची गळती होताच प्रवाह तोडणारा आरसीसीबी घरात आहे का ते पाहा.

माझ्या ठरीव उत्तरातील ‘क्षमस्व’ हा शब्द मी आता काढून टाकला आहे. नऊ दिवस उशिरा त्या बाईंना तो मनापासून म्हणावा लागला, तेव्हाच त्याचा अर्थ मला कळला.