टाकून द्या!

“भाऊ, विंडोज टाकून देऊ का?” वर्धेच्या मेकॅनिकनं विचारलं. मी म्हणालो, “टाकून दे.” मला म्हणायचं होतं कचऱ्यात, त्यानं ऐकलं मशीनमध्ये. चूक माझीच. आमच्या मराठीत ‘टाकून देणे’ या एका क्रियापदात हे दोन्ही व्यवहार बसतात. दोन तासांनी आर्वी रोडनं आंजीला परतलो, तेव्हा कंप्युटरात पुन्हा तेच विंडोज 10 होतं, त्यावर कुठून तरी आणलेला अ‍ॅक्टिव्हेटर होता आणि खिशातले तीनशे रुपये कमी झाले होते. माल चोरीचा आणि वरून टाकणावळ!

आमच्याकडे याला ‘फ्री’ म्हणतात. हा अ‍ॅक्टिव्हेटर चालवायचा तर आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो. चोराला त्रास नको म्हणून घरचं कुत्रं बांधून ठेवायचं, त्यातला प्रकार. मग त्याच मशीनवर सातबारा काढायचा, पीकविमा भरायचा, बँकेचा पासवर्ड टाकायचा. आणि पैसे गेले की गावभर सांगायचं, “ऑनलाइनचा काही भरोसा नाही बाप्पा.”

14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज 10 चा नेहमीचा आधार काढून घेतला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय हवी, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. माझा आय3 चौथ्या पिढीतला. त्याला ना ताप ना खोकला. पत्र टाइप करतो, पीडीएफ उघडतो, लेकीला यूट्यूबवर गणित दाखवतो. पण परदेशातल्या एका कंपनीच्या कॅलेंडरावर त्याची तेरवी ठरली, म्हणून मी सोयाबीनच्या पैशातून नवा घ्यायचा?

हे ऐकून घेणारा जिल्हा कोणता, तर वर्धा! 1929 साली गांधीजींच्या अखिल भारतीय चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. अटी वाचण्यासारख्या आहेत. यंत्राची किंमत दीडशे रुपयांवर जाता कामा नये, ते किमान वीस वर्षं चाललं पाहिजे आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या पाच टक्क्यांपुढे जायला नको. ते बक्षीस कुणालाही पटकावता आलं नाही, इतक्या अटी कडक. पुढे 1938 मध्ये गांधीजींनी वर्धेत ग्रामोद्योगांचं मगन संग्रहालय उघडलं. आज खादी घालून ग्रामोद्योगांवर भाषणं देणाऱ्यांच्या लॅपटॉपच्या कोपऱ्यात ‘अ‍ॅक्टिव्हेट विंडोज’ असं फिकट अक्षरात लिहिलेलं असतं. मी पाहिलंय. नावं घेत नाही, पाहुणचार घेतलाय.

विंडोजला फुकटचा, खुला पर्याय म्हणजे लिनक्स. पण लिनक्सवाल्यांनाही सोडणार नाही. “नवशिक्यानं कोणतं घ्यावं?” एवढं विचारा, की पंधरा नावं अंगावर येतात. एक म्हणतो उबुंटू, दुसरा म्हणतो फेडोरा, तिसरा म्हणतो आर्च टाक म्हणजे शिकशील. अरे, मला शिकायचं नाही, अर्ज भरायचाय! सरकारी सी-डॅकनं स्वदेशी ‘बॉस’ लिनक्सही काढलंय. त्याचा अभिमान बाळगणारे मला भाषणांत भेटले, टेबलावर एकदाही नाही.

माझं उत्तर एकच आहे: लिनक्स मिंट, आणि जुन्या मशीनवर त्याची एक्सएफसीई आवृत्ती. दोन जीबी रॅमवर उभं राहतं, चार असेल तर बरं चालतं. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. विंडोजची सवय मोडत नाही. 22 क्रमांकाच्या मालिकेला 2029 पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स सोबतच येतात. पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघता येतं, हार्डडिस्कला हात न लावता. वायफाय, आवाज, प्रिंटर, इनस्क्रिप्टचा मराठी कीबोर्ड, सगळं तपासा आणि मगच ठरवा. ट्रॅक्टर घेताना एक फेरी मारून बघता ना?

अडचणी आहेत. श्रीलिपीवर पोट असलेल्या डीटीपीवाल्यानं, टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्यानं आणि दिवसभर आधारचे अंगठे घेणाऱ्या केंद्रानं उगाच क्रांती करू नये. झेरॉक्सच्या दुकानांत दिसणारा एक छोटा लेझर प्रिंटरही लिनक्सवर मरेस्तोवर छळतो. माझा गेला महिना त्यात गेला. पण गावातल्या कितीशा घरांत हे चालतं? बाकीच्यांना ब्राउझर लागतो आणि पत्ते लागतात.

खरी भीती वेगळीच आहे. ‘बिघडलं तर कोण दुरुस्त करून देईल?’ हा प्रश्न रास्त आहे. केरळच्या सरकारी शाळांत कितीतरी वर्षांपासून मुलं लिनक्सवर शिकतात. तिथे हा प्रश्न पोरंच सोडवतात. आमच्याकडे एमएस-सीआयटी हा कंप्युटरचा कोर्स 2002 पासून आहे. तेव्हापासून आम्ही विंडोजलाच कंप्युटर म्हणायला शिकलो, आणि मेकॅनिकला ‘फॉरमॅट मार’ एवढं सांगायला.

परवा शेजारचा पोरगा रेल्वेचं तिकीट काढायला आला. मिंटवर काढलं, पीडीएफ त्याच्या मोबाइलवर पाठवली. स्क्रीनकडे बघत म्हणाला, “काका, यात विंडोज कोणतं हाय?”

“विंडोज नाहीच.”

“मंग चालू कसं झालं जी?”